मोकळी सोडलेली सम

नमस्कार श्रोतेहो. परवा रात्री घरातले दिवे मालवले, हेडफोन लावले आणि खूप वर्षांनी एक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता ऐकला. 'द पोलीस' या ब्रिटनमधल्या रॉक बँडचा 'रेगाटा द ब्लाँ', १९७९ सालचा. नाव फ्रेंचसारखं वाटतं, पण शब्द त्यांनीच जुळवलेला. अर्थ साधारण 'गोऱ्यांचा रेगे'. रेगे म्हणजे जमैका बेटावरचं संथ, डोलणारं संगीत.

मी तो पहिल्यांदा ऐकला मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. तेव्हा मनात बसला तो बँडचा गायक स्टिंग याचा उंच, किंचित घोगरा आवाज. परवा मात्र माझं लक्ष आवाजाकडे फारसं गेलंच नाही. ते गेलं ज्या जागी काहीच वाजत नाही, तिकडे.

सांगतो. लहानपणी मी तबला शिकलो. तालाचं आवर्तन फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आलं की आपली मान आपोआप हलते. जमैकाच्या रेगेत 'वन ड्रॉप' नावाचा ठेका असतो. चार मात्रा धरा. पायाने वाजवायचा मोठा ड्रम पहिल्या मात्रेवर वाजतच नाही, त्याचा ठोका पडतो तिसऱ्या मात्रेवर. म्हणजे आपला कान जिथे सम शोधतो, नेमकी तीच जागा तो मोकळी सोडतो. पाय टेकवायला जावं आणि पायरी जरा खाली असावी, तसं होतं. पण पडायला होत नाही, तरंगायला होतं.

'वॉकिंग ऑन द मून' या गाण्याची सगळी जादू या तरंगण्यात आहे. बासचे मोजके स्वर. अँडी समर्सच्या गिटारचा एकच कॉर्ड, प्रतिध्वनीत विरत जाणारा. ड्रमवाला स्ट्युअर्ट कोपलंडची हाय-हॅटवरची, म्हणजे ड्रमच्या जोडझांजेवरची, बारीक नक्षी. चंद्रावर चालणं म्हणजे काय, हे शब्दांच्या आधी ताल सांगतो.

तिघंच होते हे. स्टिंग पूर्वी शाळामास्तर, न्यूकॅसलकडे जॅझ वाजवणारा. कोपलंड अमेरिकन, पण बालपण बैरुतमध्ये गेलेलं. समर्स वयाने दोघांहून बराच मोठा, साठच्या दशकापासून लंडनमध्ये वाजवत आलेला. पंक म्हणजे तेव्हाचं वेगवान, खडबडीत रॉक. त्याच्या धडाक्यात हे लोक शिरले खरे, पण हात तयार होते आणि कान उघडे होते. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जमैकन लोकांनी आणलेलं रेगे त्या कानांवर पडत होतं. पंकचा वेग आणि रेगेची पोकळी, दोन्ही एकाच गाण्यात. पंकमधूनच फुटलेली 'न्यू वेव्ह' ही संगीतशैली म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी 'मेसेज इन अ बॉटल' लावून देईन. कडव्यातला गिटारचा तुकडा बोटं लांब ताणल्याशिवाय वाजत नाही. त्यातला बेटावर अडकलेला माणूस बाटलीतून चिठ्ठी पाठवतो, आणि एका सकाळी किनाऱ्यावर बाटल्यांचा खच पडलेला पाहतो. त्याच्यासारखेच असंख्य एकटे. परवा त्या जागी माझ्या अंगावर काटा आला.

रेकॉर्डिंग झालं लंडनजवळच्या लेदरहेड गावात, सरे साउंड या साध्याशा स्टुडिओत. स्टुडिओ चालवणारा नायजेल ग्रे पेशाने डॉक्टर! खर्च अगदी बेताचा. गाणीही पुरेशी तयार नव्हती, म्हणून स्टिंगने आधीच्या बँडमधलं जुनं सामान बाहेर काढलं. शीर्षकाचं गाणं तर मैफलीत 'कान्ट स्टँड लूझिंग यू' या त्यांच्या आधीच्या गाण्याच्या मध्ये रंगत जाणाऱ्या उत्स्फूर्त वादनातून वाढलं. त्यात शब्द जवळजवळ नाहीत, नुसत्या हाका आहेत. पुढे १९८१ मध्ये त्याला ग्रॅमी हा अमेरिकेतला संगीत पुरस्कार मिळाला. अल्बमच्या उत्तरार्धातली एक-दोन गाणी मला आजही भरतीची वाटतात, हे मान्य करायला हवं.

आणि आता आपल्या अंगणातली गोष्ट. २६ मार्च १९८० रोजी हाच बँड मुंबईत वाजवून गेला. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली. कार्यक्रम ठेवला होता 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब' या महिलांच्या सेवाभावी संस्थेने. ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेल्या अल्बमची गाणी, ती ताजी असतानाच, आपल्या शहरात! मुंबईनंतर ते कैरोला गेले, मग अथेन्सला. 'जॅझ यात्रा' या जॅझ महोत्सवाच्या रात्रीही याच रंगभवनाने पाहिल्या. पुढे जवळच्या रुग्णालयांमुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथलं संगीत थांबलं. रुग्णांना शांतता हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या भिंतीशेजारून जाताना मला हळहळ वाटते. तुमच्यापैकी कुणी त्या रात्री तिथे असाल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर लिहा. ती उघड्यावरची रात्र कशी होती, ते मला मनापासून ऐकायचं आहे.

आता 'वॉकिंग ऑन द मून' लावतो. आवाज थोडा वाढवा. मांडीवर हाताने चार मात्रा मोजा, आणि पहिल्या मात्रेला काय होतं तिकडे कान द्या.