धार गेलेली चेनच घात करते

मंडळी, 3 जून 2020 ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात शिरलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनारा झोडपत गुजरातकडे गेलं. आडवे झालेले माड, आंबे, फणस कापायला माणसं पुरेनात, आणि आपल्याकडे आळीआळीत पेट्रोलचे कटर, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीनं (चेननं) लाकूड कापणारे चेनसॉ, दिसू लागले. कटर आले, पण ते वापरायला शिकवणारं कोणी आलं नाही. दुकानात दोरी ओढून चालू करून दाखवतात, तेवढंच शिक्षण. म्हणून आज मी मुख्यतः धारेबद्दल बोलणार आहे.

चेन जरा बोथट असली तर धोका कमी, असं अनेकांना वाटतं. नेमकं उलटं आहे. धारेची चेन स्वतःच लाकडात उतरते, तुम्ही फक्त नीट धरून उभं राहायचं. धार गेली की तुम्ही दाबायला लागता. अंग पुढे झुकतं, हात थकतात, आणि काप पुरा होताच तो सगळा जोर घेऊन बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, खाली सुटतो. खाली तुमचा पाय असतो. बोथट विळीनंच बोट कापतं, हे इथल्या बायकांना सांगायला नको.

धार गेली हे खाली काय पडतंय त्यावरून कळतं. चांगल्या चेनमधून ढलप्या उडतात, बोथट चेनमधून नुसता बारीक भुसा पडतो. काप एकाच बाजूला वळत असेल, तर त्या चेनचे एका बाजूचे दात जास्त झिजलेत. आपल्या किनाऱ्यावर धार घालवतात ती मुख्यतः वाळू आणि माती. बारचं टोक चालू असताना एकदा जमिनीला लागलं की दात गेलेच. त्यामुळे खोडाखाली ओंडका सरकवा, किंवा वरून बरंचसं कापून खोड फिरवा आणि मग उरलेलं कापा.

या दाताचा जन्म मला फार आवडतो. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये 1946 साली जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी निरखून पाहिली. ती जबडा डावी-उजवीकडे चालवत लाकूड खात होती. त्यावरून त्यानं चेनचा दात घडवला. आजच्या चेनवरही एक दात डावा, पुढचा उजवा असतो. म्हणून आधी एका बाजूचे सगळे दात घासायचे, मग कटर फिरवून दुसऱ्या बाजूचे.

त्याला गोल कानस लागते. 4, 4.8 की 5.5 मिलिमीटरची, ते चेनवर अवलंबून असतं, कटरच्या पुस्तिकेत पाहा. कोन बहुतेक चेनना 30 अंशांचा. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची आणि मागे आणताना उचलायची. प्रत्येक दाताला कानशीचे सारखेच हात. दातापुढे जो छोटा उंचवटा असतो तो दाताच्या धारेपेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवा. तो बेतानं घासा. जास्त गेला तर चेन लाकडाला हिसके मारते. पेट्रोल भरायला थांबलात की दोन-तीन हात मारून घेतले तर चेन कधीच पार बोथट होत नाही.

चेनचा ताण इंजिन बंद करून, चेन गार असताना, हातमोजे घालून बघायचा. ती बारच्या खालच्या कडेला टेकलेली हवी, पण हातानं ओढल्यावर सरकायलाही हवी. काम संपलं की थोडी सैल करा, कारण गार होताना ती आवळते. चेनला ऑइल पुरवणाऱ्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल ओतू नका, त्यात धातूचा कीस असतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल पुस्तिकेत असेल त्याच प्रमाणात घाला. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर. मिश्रण महिनोन्‌महिने ठेवू नका. एअर फिल्टर दर वेळी झटका.

आता झटक्याकडे येतो. चालू बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला, तर कटर उलटा तोंडावर येतो. चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास पळत असते. डोळा मिटायच्या आत सगळं होतं. म्हणून कापण्याआधी चेनब्रेक लागतो का ते तपासा. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून घट्ट वळवा. खांद्याच्या वर कटर नेऊ नका, शिडीवर तर अजिबात नाही. आणि लुंगी, पंचा, स्लिपर यांत कटर धरू नका. बूट, चष्मा, कानाला मफ, आणि जमलं तर चेन अडवणाऱ्या धाग्यांची खास पँट.

वादळात मुळासकट उपटलेलं झाड सगळ्यांत फसवं. खोड कापून वजन हललं की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसतो. त्याच्यामागे पोरं उभी असतात, बघायला! आधी त्यांना हटवा. वाकून अडकलेल्या खोडात एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला ताण असतो. दाबाच्या बाजूनं थोडं कापा, मग ताणाच्या बाजूनं पुरं करा. उलटं केलंत तर खोड फाटून उसळतं. फांद्यांत विजेची तार असेल तर महावितरणनं ती बंद केल्याशिवाय जवळ जायचं नाही.

इथे टेबलावर दोन जुन्या चेन आणि कानशी ठेवल्या आहेत. प्रश्न नंतर विचारा. आधी प्रत्येकानं येऊन निदान चार दात घासून बघा.