साबणाची वडी आणि ड्रॉइंगची शीट

(दृश्य: सकाळ. इंजिनिअरिंग कॉलेजचा ड्रॉइंग हॉल. तिरक्या बोर्डावर क्लिपांनी लावलेली कोरी शीट.)

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी फोन सुरू होतात. कुणाची भाची, कुणाचा पुतण्या. सीईटीचा पर्सेंटाइल सांगून झाला की पलीकडचा आवाज जरा खाली येतो. "पोरगं तसं ॲव्हरेजच आहे हो ताई. झेपेल का त्याला इंजिनिअरिंग?"

मी सिव्हिल इंजिनिअर. पाणीपुरवठ्याच्या कामांवर वीस वर्षं काढली. बारावीला गणितात मला शंभरात 54 होते, तेव्हा हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. झेपतं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांना झेपलं. ज्यांना झेपलं नाही, त्यांची गाडी कुठे अडली तेही मी जवळून पाहिलंय. मी स्वतः तिथेच अडले होते.

(दृश्य: रात्र. हॉस्टेलची खोली. दोन ट्रंकांवर आडवी ठेवलेली काच, खाली पेटता बल्ब.)

हॉस्टेलवर राहिलेल्यांना हे दृश्य ओळखू येईल. याला जीटी म्हणतात, ग्लास ट्रेसिंग. काचेवर आधी मैत्रिणीची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी. खालून उजेड आला की रेघा दिसतात, त्या गिरवायच्या. तीन तासांचं काम वीस मिनिटांत होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री मी अशा चार शीट मारल्या. सह्या मिळाल्या, टर्मवर्क, म्हणजे वर्गातल्या कामाचे मार्क, मिळाले.

परीक्षेत एका ठोकळ्याचं चित्र आलं. त्याचा फ्रंट व्ह्यू काढा, टॉप व्ह्यू काढा. फर्स्ट अँगल नावाच्या ड्रॉइंगच्या पद्धतीत टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो, एवढं पाठ होतं. पण वरून पाहिल्यावर तो ठोकळा दिसेल कसा, हे डोळ्यांपुढे येईचना. पासिंग 40 चं, मला 31. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, परीक्षा पुन्हा द्यायची.

सुट्टीत आमच्याच गावच्या एका डिप्लोमावाल्या दादांनी मला धुण्याच्या साबणाच्या वड्या आणायला लावल्या. "पुस्तकातला ठोकळा यातून काप," म्हणाले. ब्लेडने खाच पाडायची, एक कोपरा तिरका उडवायचा. मग वडी टेबलावर ठेवून समोरून बघायचं आणि काढायचं. वर वाकून बघायचं आणि काढायचं. पहिल्या दोन वड्या वाया गेल्या. आठव्या-नवव्या वडीनंतर कधीतरी ब्लेड हातात न घेताच ठोकळा दिसायला लागला. तेव्हा मला जो आनंद झाला, तसा डिग्री हातात पडली तेव्हाही झाला नाही. पुढच्या परीक्षेत 62 मिळाले. डोकं तेच होतं, वर्षही तेच. फक्त यावेळी शीट मी काढली होती.

(दृश्य: फळ्यावर खडूने काढलेला बीम. दोन टेकू, मध्ये खाली रोखलेला बाण.)

इंजिनिअरिंगचे विषय एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना कुणी नीट सांगत नाही. मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम येतो, म्हणजे वस्तूवर कुठून कुठून जोर येतो ते बाणांनी दाखवणारी आकृती. मुलं त्याला एफबीडी म्हणतात. तो कळला नाही तर दुसऱ्या वर्षी बेंडिंग मोमेंटची, म्हणजे बीमवर वाकवणारा जोर कुठे किती आहे त्याची, आकृती काढता येत नाही. ती आली नाही तर पुढे आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, डिझाइनमध्ये स्लॅबची सळई वर टाकायची की खाली, हे कळत नाही. साध्या स्लॅबला ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई खाली. भिंतीतून पुढे काढलेल्या छज्ज्याला ताण वरच्या बाजूला, म्हणून सळई वर. साइटवर ती उलटी पडली तर छज्जा कोसळतो, आणि त्याच्याखाली माणसं उभी असतात.

साधारण मार्कांचं मूल इथे फसतं. एक विषय राहतो, त्यावर बसणारा पुढचा कच्चा राहतो, मग केट्यांची रांग लागते, आणि एक दिवस वायडी, म्हणजे इयर डाउन, होऊन मूल घरी बसतं. लोक म्हणतात, डोकंच नव्हतं. मला ते पटत नाही. पहिल्या सेमिस्टरला पडलेलं भोक कुणी बुजवलं नाही, आणि घरी सांगायची त्याला लाज वाटली.

मराठी माध्यमातून आलेल्यांना भाषेचाही अडसर असतो. मोमेंट म्हणजे काय, हे इंग्रजीत चारदा वाचून मला उमगलं नव्हतं. वर्कशॉपच्या मामांनी घट्ट बसलेला नट आधी आखूड पान्याने, मग लांब पान्याने सोडायला सांगितला. आखूड पान्याने हलेना, लांबने सुटला. "जोर तेवढाच, दांडा लांब, म्हणून फिरवायची ताकद जास्त. हाच तुझा मोमेंट," म्हणाले. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने 2021-22 पासून मराठीसह भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. त्याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं, पण तो पाना कुणीतरी मुलांच्या हातात द्यायलाच लागेल.

(दृश्य: पुण्यातल्या जुन्या कॉलेजची दगडी इमारत.)

1854 साली पुण्यात इंजिनिअरिंगचा पहिला वर्ग भरला, तो सरकारी बांधकामांवर लागणारी दुय्यम अधिकारी माणसं तयार करायला. रस्त्यावर, इमारतीवर, धरणावर उभं राहून काम बघणारी माणसं. पुढे सव्वाशे वर्षं जागा मोजक्याच राहिल्या. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट करून दिली आणि आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत हे शिक्षण पोहोचलं. त्या कॉलेजांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, खऱ्याही आहेत. पण दार उघडलं ते तेव्हाच.

एक दार मात्र अजून अर्धं बंद आहे. कॅम्पसला नोकरीसाठी मुलं निवडायला येणाऱ्या कितीतरी कंपन्या दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे 60 टक्के मागतात. बारावीला 57 पडलेली मुलगी पुढे चार वर्षं कितीही चांगली शिकली तरी हॉलच्या बाहेर उभी राहते. हा अन्याय आहे. सतराव्या वर्षीचे मार्क माणसाला जन्मभर चिकटवून ठेवायचे नसतात.

आणि एक खरं सांगायला हवं. ज्या मुलाला गणिताचा मनापासून कंटाळा आहे, ज्याचा फॉर्म वडिलांनी भरलाय, त्याला हे चार वर्षं जड जातं. त्याचे मार्क 90 असले तरीही. फोनवर मी हेही सांगते, आणि काही जण त्यानंतर पुन्हा फोन करत नाहीत.

(दृश्य: डोंगरउतार. ट्रायपॉडवर लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लांब उभी धरलेली स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली पट्टी. हातात फील्ड बुक.)

हे माझं रोजचं काम. पाइपलाइनच्या लेव्हल, म्हणजे जागोजागच्या उंच्या, घ्यायच्या. दुर्बीण एका जागी मांडल्यावरचं पट्टीवरचं पहिलं वाचन बॅकसाइट, तिथून हलवण्याआधीचं शेवटचं फोरसाइट. सगळ्या बॅकसाइटची बेरीज, तीतून फोरसाइटची बेरीज वजा. शेवटच्या आणि पहिल्या आरएलमधला, म्हणजे जागेच्या काढलेल्या उंचीमधला, फरकही तेवढाच यायला हवा. नाही आला तर हिशेब कुठेतरी चुकलाय, पान पुन्हा तपासायचं. हुशारीपेक्षा इथे चिकाटी लागते. वारा असो, ऊन असो, बेरीज जुळल्याशिवाय मी साइट सोडत नाही. चुकलेल्या लेव्हलवर टाकी बांधली तर शेवटच्या वाडीत पाणी चढत नाही, आणि तिथल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही.

परवा पुन्हा एक फोन आला. पुतणीला सिव्हिल मिळतंय, पण ती "तशी साधारणच" आहे, म्हणाले. मी म्हटलं, कॉलेज सुरू झालं की पहिल्या महिन्यातच तिला माझ्याकडे पाठवा. काय अडलंय ते लिहून आणू दे. आणि येताना धुण्याच्या साबणाच्या चार वड्या घेऊन यायला सांगा.