छत्री आणि डबा यांच्यामधली वायर

(इंदूरच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळातल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, माझ्या हातातली ही वायर बघा. गेल्या पावसाळ्यापर्यंत ही आमच्या लोकमान्य नगरच्या घराच्या गच्चीवर होती. टोकाच्या पिनेतली तार तांब्याच्या रंगाची हवी, ती हिरवी पडली आहे. एवढ्याशा हिरव्या डागापायी माझ्या शहाऐंशी वर्षांच्या आईची संध्याकाळची मराठी मालिका अकरा दिवस बंद होती. आई घराबाहेर पडत नाही. दिवसभरात बाहेरची मराठी तिच्या कानावर पडते ती तेवढ्या अर्ध्या तासात. दुरुस्तीला आलेल्यानं आधी डबा, म्हणजे टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स बदलला, मग छत्रीवरचा, म्हणजे गच्चीवरच्या डिशवरचा एलएनबी (लहरी पकडून वायरीत पाठवणारा भाग) बदलला, दोन्हींचे पैसे घेतले. वायर उघडून कुणी बघितली नाही. मीही नाही, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते.

इंदुरातली केबल डिजिटल करण्याची मुदत 31 मार्च 2013 होती. दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत आपण होतो. जुन्या पद्धतीत एका वाहिनीला लागायची तेवढ्या जागेत आता दहा-बारा वाहिन्या बसतात. फायदा मोठा आहे, पण बिघाडाची तऱ्हा बदलली, आणि ती आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

जुनं चित्र सांगून बिघडायचं. मुंग्या यायच्या, माणसाशेजारी त्याची सावली दिसायची, तरी बातम्या ऐकू यायच्या. आता डबा सिग्नलमधल्या चुका स्वतःच दुरुस्त करतो. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत चित्र लख्ख; खाली गेला की चौकोन, आणि लगेच काळा पडदा. म्हणजे वायर वर्षभर गंजत असली तरी आपल्याला पत्ता नसतो. जोराची पहिली सर येते आणि सगळा दोष पावसाच्या माथी जातो. पावसाचा वाटा असतोच: छत्रीवर येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या, थेंब त्यांना शोषतात. पण सर ओसरली की चित्र परत यायला हवं. पाऊस थांबून तास झाला आणि पडदा काळाच असेल, तर वायरीकडे वळा.

आमच्याकडे फसगत वेगळीच झाली. हिंदी बातम्या दिसत होत्या, आईची वाहिनी तेवढी नव्हती. सगळे म्हणाले, पॅकमधून गेली असेल. तसंही होतं, म्हणून पडद्यावरचा मजकूर नीट वाचा. 'सबस्क्राइब' असा शब्द असेल तर दोष गच्चीवर नाही. 1 फेब्रुवारी 2019 पासून वाहिनी सुटी मागता येते, तेव्हा मध्य प्रदेशच्या पॅकमध्ये मराठी नाही म्हणून गप्प बसू नका. आमच्या पडद्यावर मात्र 'नो सिग्नल' होतं. एलएनबीला वीजही याच वायरीतून जाते. डबा 13 व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभ्या लहरी घेतो, 18 पाठवतो तेव्हा आडव्या. गंजलेल्या पिनेतून 18 पूर्ण पोचत नाहीत, आणि आडव्या लहरींवरच्या तेवढ्या वाहिन्या जातात.

छत्रीला मात्र उगाच हात लावू नका. फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. इंदुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 57 अंश वर. छत्री त्याहून बरीच उभी दिसते, ती तशीच असते, वाकवू नका. समोरचा कडुनिंब वाढला आहे का, ते बघा. छत्री हलवायचीच झाली तर कोरड्या दिवशी, सोबत कुणीतरी घेऊन, केसभर सरकवून पाच आकडे मोजा. डब्याला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. पट्टी बघायची ती 'क्वालिटी'ची. 'स्ट्रेंग्थ' चुकीच्या उपग्रहावरही भरलेली दिसते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास चित्र काही मिनिटं गेलं, तर सूर्य त्या उपग्रहाच्या मागे आलेला असतो. काहीही करायचं नाही.

इलाज साधा आहे. गंजलेलं टोक वीतभर कापायचं, नवी पिन, वरून रबरी टेप. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, आत येत नाही. मेजावर कटर, पिना आणि नवी वायर ठेवली आहे. चहा येईपर्यंत प्रत्येकानं एक पिन बसवून बघा. वायरीतल्या बाहेरच्या धातूच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये, तेवढं मी तपासतो.