चाळीस अंश म्हणजे विसाची दुप्पट नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीत येऊरच्या बाजूला पहाटे फिरायला निघालेल्या ठाणेकराला वीस अंशांतही कानटोपी लागते. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की तोच म्हणतो, ‘‘उकाडा दुप्पट झाला हो!’’ घामाच्या हिशेबाने झाला असेल. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने वाढ जेमतेम सात टक्के.

कारण सेल्सिअसचं शून्य हे सोयीचं शून्य आहे. पाणी गोठतं तिथे शून्य, उकळतं तिथे शंभर. खुद्द सेल्सिअसने तर १७४२ साली हे आकडे नेमके उलटे लावले होते, उकळत्या पाण्याला शून्य! ते सुलट झाले नंतर. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये पोडियमच्या, म्हणजे खालच्या पार्किंगच्या मजल्यांच्या, वरून मजले मोजतात ना, तसंच हे. विसाव्याहून चाळिसावा दुप्पट उंच म्हणायचा, तर मोजणी जमिनीपासून हवी.

मग तापमानाची जमीन कुठे? वायू थंड करत गेलं की दर अंशाला तो, शून्य अंशाला जेवढा होता त्याच्या सुमारे २७३व्या हिश्श्याने आक्रसतो. हिशेब तसाच पुढे ओढला, तर उणे २७३ च्या आसपास काही उरतच नाही. प्रत्यक्षात त्याआधीच वायूचा द्रव होतो, ते सोडा. १८४८ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी पाणी, पारा कशावरच न विसंबणारी मोजपट्टी मांडली. तिचं शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, निरपेक्ष शून्य. आपले वीस आणि चाळीस तिच्यावर २९३ आणि ३१३ केल्विन होतात.

तिथे अणू ठार थांबतात, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही, कारण क्वांटम, म्हणजे अणूंच्या जगाच्या, नियमांनुसार थोडी थरथर उरतेच. तिच्याचमुळे हेलियम, नेहमीच्या दाबाखाली, कितीही थंड केला तरी गोठत नाही. आणि त्या शून्याजवळ कितीही गेलं, तरी मोजक्या पायऱ्यांत तिथे पोचता येत नाही.

पण जवळ जाता येतं, आणि ते आपल्या ठाण्या-वाशीतही चाललेलं असतं. एमआरआयच्या खोलीत स्कॅन सुरू नसतानाही एक लयबद्ध ‘चुक्-चुक्’ ऐकू येते. तो थंड करणाऱ्या यंत्रणेचा आवाज. बहुतेक मोठ्या यंत्रांतली चुंबकाची तार सुमारे चार केल्विनवर, द्रव हेलियमच्या जोरावर, थंड ठेवलेली असते. १९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांना दिसलं, की इतक्या थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसाच होतो. त्या तारेतही तेच घडतं. एकदा सोडलेली वीज न घटता फिरत राहते, आणि त्या विजेनेच चुंबक बनतं, म्हणून पेशंट नसला तरी चुंबक चालूच असतं. दारावरचा वॉर्डबॉय किल्ल्या काढून ठेवायला सांगतो, ते त्यासाठी.

नमस्कार.