मटारची परात

श्रोतेहो,

संयोजकांनी निमंत्रणपत्रिकेवर ‘पूर्वप्राथमिक वयातील मुलांसाठी घरगुती कृती’ असा भारदस्त विषय छापला आहे. आत येताना दारातच एका आईने मला विचारले, की तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बाजारात शैक्षणिक खेळांचे जे संच मिळतात त्यांतला कोणता घ्यावा. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे बालवाडीत काढल्यावर या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर उरले आहे, ते असे की मंडईतून किलोभर मटार आणावेत. त्या बाईंना मी चेष्टा करते आहे असे वाटले असावे; म्हणून आधी मटाराचीच हकिकत सांगते.

गेल्या हिवाळ्यात माझी नात, वय वर्षे चार, माझ्यासमोर परातीशी मांडी घालून बसली. पहिली शेंग तिने मधोमध धरून दाबली. शेंग वाकली, पण उघडली नाही. मग तिने ती दातांखाली धरली. नंतर माझ्या हाताकडे थोडा वेळ पाहिले आणि शेंगेच्या टोकाशी अंगठा लावला. टोक मोडल्याचा बारीकसा आवाज झाला, शिवण उसवावी तशी शेंग उसवत गेली आणि चार दाणे टुणकन उडून थेट सोफ्याखाली गेले. ते शोधून आणण्यात दोन-तीन मिनिटे गेली. पुढच्या शेंगेला तिने डाव्या हाताचा आडोसा धरला, म्हणजे दाणे उडू नयेत ही व्यवस्था तिची तिनेच केली. पाचव्या-सहाव्या शेंगेपासून तिचा अंगठा आतल्या बाजूने फिरून सगळे दाणे एका दमात खाली पाडू लागला. एका शेंगेत टपोरे दाणे असतात आणि दुसरीत टाचणीच्या डोक्याएवढे, हे तिच्या लक्षात आले, तेव्हा ‘हे बाळ आहेत’ असे म्हणून ते तिने वाटीत वेगळे काढले. वर्गीकरण शिकवण्यासाठी आम्ही बालवाडीत जे पाठ काढत असू, त्यांतला हा अर्धा पाठ कोणी न शिकवता झाला. साधारण पंचवीस मिनिटे ती जागची हलली नाही. ‘आमची एका जागी पाच मिनिटे बसत नाही हो’ असे जिच्याबद्दल घरात रोज ऐकू येते, तीच ही मुलगी.

या पंचवीस मिनिटांत मला माझ्या हातांना फार आवरावे लागले. दुसऱ्याच शेंगेला ‘अगं असं नाही, असं’ म्हणून शेंग तिच्या हातातून घ्यावी असे मला वाटले होते, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात मी मुलांच्या हातातून वस्तू नेमक्या अशाच घेत असे. मोठ्या माणसाने शेंग हातातून घेतली की मूल शेंगेकडे पाहणे सोडून आपल्या तोंडाकडे पाहू लागते. बरोबर-चूक आता शेंग ठरवत नाही, आई ठरवते, हे त्याला कळते.

वस्तूनेच चूक दाखवावी, हा विचार शिक्षणशास्त्रात नवा नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडले आणि पुढे जी साधने रूढ केली, त्यांचे सूत्रच हे आहे. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, सर्वांत लहानाची बाजू एक सेंटिमीटर आणि सर्वांत मोठ्याची दहा. क्रम चुकला की मनोरा पाहणाऱ्याला खटकतो, बाईंनी काही बोलावे लागत नाही. आता आपल्या स्वयंपाकघरात पाहा. एकात एक बसणारे स्टीलचे डबे जवळजवळ प्रत्येक घरात असतात. ते सगळे झाकणे काढून जमिनीवर पसरून द्या. साडेतीन वर्षांचे मूल आधी वाटेल ते झाकण वाटेल त्या डब्यावर ठेवते. लहान झाकण आत पडते, मोठे वर डुगडुगते, आणि योग्य झाकण बसते तेव्हा जो आवाज होतो तो ऐकून मूल स्वतःच हसते. गुलाबी मनोरा सुंदर आहे, माझ्या वर्गात तो होता, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे; पण डब्यांची उतरंड तेच काम करते आणि वर आवाजही देते.

परदेशातून आलेली साधने आपल्या मातीत उतरवण्याचे काम आपल्याकडे फार आधी झाले आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी गुजरातेत भावनगरला या पद्धतीचा पाया घातला, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला, आणि 1945 साली ताराबाई बोर्डीला गेल्या, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी आणि पुढे कोसबाड हा आजच्या पालघर जिल्ह्यातला आदिवासी भाग. महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती आणि मुले शाळेत यायला तयार नव्हती. म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, आणि शिंपले, खडे, बिया, पाने, फुले ही साधने झाली. गरिबीमुळे केलेली ही तडजोड होती असे पुष्कळांना वाटते. माझे मत वेगळे आहे. शिंपला दुसऱ्या शिंपल्यासारखा तंतोतंत नसतो, त्यामुळे मुलाला तो निरखावा लागतो. प्लॅस्टिकच्या एकसारख्या मण्यांत निरखण्यासारखे काही उरतच नाही.

आता लिहिण्याविषयी, कारण पालकांच्या मनातला खरा प्रश्न तोच असतो. आपल्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि पुढच्या कित्येक वर्षांत एकेक करून खऱ्या अर्थाने हाड होत जातात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेमध्ये त्यांतली साधारण निम्मीच दिसतात. बोटांचे बारीक स्नायूही अजून तयार होत असतात. अशा हाताला चार रेघी वहीत ‘क’ आणि ‘ख’ पानभर काढायला लावणे म्हणजे कोवळ्या फांदीला झोका बांधणे आहे. त्या हाताला आधी पेन्सिलीवाचूनचे काम हवे: कणकेचा गोळा तिंबणे, छोटे लाटणे फिरवणे, ओले फडके दोन्ही हातांनी पिळणे, चिमट्याने दोरीवर रुमाल अडकवणे. चिमटा दाबताना अंगठा आणि पहिली दोन बोटे जशी एकत्र येतात, पेन्सिल धरताना तीच येतात.

अक्षराशी ओळख करून द्यायची असेल तर आपल्याकडे जुना मार्ग आहे. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने अक्षरे काढत. ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा शब्दप्रयोग आपण आजही करतो, धूळ मात्र विसरलो. ताटात बारीक रवा पसरावा, मुलाने बोट फिरवावे, ताट हलवले की पाटी कोरी. खोडरबर नाही, फाटलेले पान नाही, आणि चूक जपून ठेवणारी वहीही नाही. अक्षराच्या आधी आवाज ओळखता यावा, म्हणून ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधण्याचा खेळ खेळावा: माठ, मीठ, मोजा. तक्त्यावर ‘ण बाणाचा’ का म्हणतात हे मात्र मुलाला विचारू नका, नाहीतर ‘मग ब कशाचा’ असे ते विचारील. ‘ण’ आणि ‘ळ’ने आपले शब्द सुरू होत नाहीत, म्हणून बाण आणि बाळ यांच्या शेपटीला धरून हे आवाज आणावे लागतात.

अंकांच्या बाबतीत मुलाला शंभरपर्यंत म्हणता येते म्हणून पाहुण्यांसमोर उभे केले जाते. त्याच मुलाला ‘मला पाच चिंचोके दे’ म्हटले तर ते मूठ भरून देते. म्हणणे हे गाणे आहे, मोजणे हे काम आहे. मराठीत तर म्हणण्याचाही एक पेच आहे: पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन, आणि एकोणतीस म्हणताना तोंडी तीस असतो, कागदावर मात्र दोन आणि नऊ. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा केवढा वाद झाला, तो आपल्याला आठवत असेल. त्या वादात मी आज शिरत नाही, कारण आपले मूल चार वर्षांचे आहे आणि त्याला दहाच्या आत बराच मुक्काम करायचा आहे. जेवणाच्या वेळी ‘माणशी एक’ या हिशेबाने ताटे मांडायचे काम त्याला द्या. एका माणसाला ताट कमी पडले की ते स्वतः आत जाते, येताना दोन आणते, मग एक परत नेऊन ठेवते. संख्या म्हणजे काय हे त्या स्वयंपाकघराच्या दोन फेऱ्यांत त्याला जेवढे कळते, तेवढे पाढ्यांच्या तक्त्यावरून कळत नाही.

पाण्याचा एक खेळ मात्र मी आग्रहाने सांगते. बाथरूममध्ये किंवा गॅलरीत तांब्या, दोन पेले आणि एक उंच अरुंद बाटली द्या. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी भरा, ते सारखे आहे हे मुलाकडून कबूल करून घ्या, मग एका पेल्यातले पाणी त्याच्याच हाताने उंच बाटलीत ओतवा. आता जास्त कशात, असे विचारले की चार-पाच वर्षांचे मूल बेधडक बाटलीकडे बोट दाखवते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेली ही गोष्ट आहे आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुले असेच उत्तर देतात. अशा वेळी वाद घालून मुलाला पटवायला जाऊ नका. ‘हो का?’ म्हणा आणि पाणी परत पेल्यात ओतू द्या. पुढच्या दोन वर्षांत ते हे शेकडो वेळा ओतील, आणि एके दिवशी तुम्हालाच सांगेल की एवढे सोपे कसे कळत नाही.

सावधगिरीचे दोन शब्द बोलणे भाग आहे. जे मूल अजून वस्तू तोंडात घालते, त्याच्या हाती मणी, चिंचोके, बटणे देऊ नयेत. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे खायला देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कडधान्ये निवडायला देताना कच्चा राजमा टाळावा, तो पोटात गेला तर उलट्या होतात. खेळण्यांतले आणि रिमोटमधले बटणासारखे सेल तर मुलाच्या नजरेलाही पडू नयेत. पाण्याजवळ, बादली अर्धीच भरलेली असली तरी, मोठे माणूस हवेच. त्याने तिथे बसावे आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

पसाऱ्याची तक्रार बहुतेक घरांत असते आणि ती खोटी नाही. दोन खोल्यांच्या घरात, दोघेही नोकरी करणारे, संध्याकाळी सात वाजता रवा सांडलेला कोणाला आवडेल? माझी सूचना एवढीच आहे, की एक जुनी चटई ठरवून टाकावी आणि काम तिच्यावरच व्हावे. मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर चार-पाचच वस्तू ठेवाव्यात. बाकीच्या वर, डोळ्यांआड. छोटी केरसुणी आणि ओले फडके हीसुद्धा त्या फळीवरचीच साधने आहेत, शिक्षेची हत्यारे नव्हेत. सांडलेले उचलणे हा पुष्कळ मुलांच्या दृष्टीने खेळाचा उत्तम भाग असतो, आपण तो घाईने हिरावून घेतो. एखाद्या वस्तूला आठ दिवस मुलाने हात लावला नाही, तर काही न बोलता ती वर ठेवून द्यावी आणि महिन्याने पुन्हा खाली आणावी.

आणि दिवाळी जवळ आली आहे म्हणून सांगते. अंगणात, गच्चीत, नाहीतर निदान गॅलरीतल्या एका घमेल्यात मातीचा किल्ला करू द्या. तयार प्लॅस्टरचा किल्ला आणून त्यावर मावळे मांडणे वेगळे, आणि कोरडी माती ढासळते, फार ओली केली की वाहते, मधली कुठेतरी टिकते, हे हाताने शोधणे वेगळे. उतारावर अळीव पेरायला द्या. थोड्याच दिवसांत हिरवी लव दिसते, आणि तोवर काहीतरी येते आहे का म्हणून मूल दर तासाला माती उकरून पाहील. त्याला उकरू द्या. पुडीतले निम्मे अळीव दुसऱ्या पेरणीसाठी बाजूला ठेवा.