बरोबरच्या चिन्हाचं गाव

नमस्कार, श्रोतेहो.

गणिताच्या वहीत बरोबरची चिन्हं एकाखाली एक आली नाहीत, की आमचे गुरुजी अख्ख्या पानावर काट मारायचे. हे चिन्ह ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याच्या स्मारकासमोर परवा मी उभा होतो. वेल्समधल्या टेन्बी गावी, सेंट मेरी चर्चमध्ये.

टेन्बीच्या वेल्श नावाचा अर्थ ‘मासळीचा छोटा गड’. गावाला तटबंदी, खाली बंदर. ओहोटी लागली की होड्या वाळूवर एका कुशीवर कलंडतात, अगदी आपल्या कोकणातल्यासारख्या. चर्चचा टोकदार मनोरा १५२ फुटांचा. तेराव्या शतकात सुरू झालेल्या या इमारतीचा बराचसा भाग पंधराव्या शतकातला आहे. आत मान वर केली, तर कमानदार लाकडी छत, पालथ्या घातलेल्या होडीसारखं! जोडांवर कोरीव गाठी. मान दुखेपर्यंत बघत राहिलो.

इथेच टॉमस व्हाइट या व्यापाऱ्याची कबर आहे. त्यानं १४७१ साली, जिवावर बेतलेल्या कोवळ्या हेन्री ट्यूडरला इथून समुद्रापार, आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताकडे निसटायला मदत केली. चौदा वर्षांनी तोच पोरगा इंग्लंडचा राजा झाला. बंदरातल्या माणसाच्या ओळखी कुठवर पोचतील, सांगता येत नाही.

पण मी आलो होतो रॉबर्ट रेकॉर्डसाठी. हा इथलाच. १५५७च्या आपल्या पुस्तकात ‘इज इक्वल टू’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्यानं दोन समांतर रेघा ओढल्या. कारणही दिलं: याहून सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत. त्याच्या रेघा मात्र आजच्यापेक्षा चांगल्याच लांब होत्या. गुरुजींनी नक्की काट मारली असती!

स्मारकावर त्याच्या बुद्धीची तारीफ आहे, चिन्हाचा मान आहे, आणि १५५८ साली लंडनमध्ये वारला एवढी नोंद. लंडनमध्ये कुठे, ते नाही. याच पेम्ब्रोक परगण्याचं नाव लावणाऱ्या बड्या अर्लवर, म्हणजे सरदारावर, त्यानं गैरकारभाराचा आरोप केला होता. अर्लनं उलट बदनामीचा दावा लावला आणि रेकॉर्डला हजार पौंडांचा दंड झाला. तेवढे पैसे आणणार कुठून? तुरुंगातच वारला तो.

बाहेर आलो तेव्हा भरती लागली होती. होड्या उभ्या राहत होत्या.