हिमेजीचे दोन खांब

(रस्त्याच्या टोकाला किल्ला)

जपानमधल्या हिमेजी गावी स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ नाकासमोर हा किल्ला दिसतो. चुन्याने लिंपलेला, पांढराशुभ्र. जपानी लोक याला पांढरा बगळा म्हणतात. २०१५ साली मोठी डागडुजी संपली तेव्हा तर तो इतका पांढरा निघाला की गावकरीच कुरकुरले.

इथला सरदार इकेदा तेरुमासा याने १६०१ ते १६०९ या काळात त्याला आजचं रूप दिलं.

(दरवाजे, चढण)

दरवाज्यांची नावं जपानी मुळाक्षरांवरून: इ, रो, हा, नि, हो. मुख्य इमारत हाकेच्या अंतरावर दिसते आणि वाट नेमकी तिच्याकडे पाठ फिरवते. पुढचा दरवाजा इतका बुटका की वाकूनच जावं लागतं. सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेल्यांना हा डाव नवा नाही. भिंतीत जंग्याही आहेत, म्हणजे आतून मारा करायची भोकं. उभ्या, लांबट त्या बाणांसाठी; गोल आणि त्रिकोणी बंदुकांसाठी. गंमत म्हणजे तेरुमासाच्या बांधकामानंतर इथे मोठी लढाई झालीच नाही.

(आतला अंधार, लाकडी जमीन)

बूट काढून पिशवीत घ्यायचे. मोज्यांतून फळ्यांचा गारवा लागतो. बाहेरून पाच मजले मोजले होते. आत सहा आहेत, शिवाय तळघर.

आणि हे दोन खांब. तळघरातून निघून थेट सहाव्या मजल्याच्या पायथ्याला भिडतात. पूर्वेचा जुनाच आहे, फक्त बुंध्याला नवं लाकूड. पश्चिमेचा कुजला होता. १९५०च्या दशकात किल्ला उकलून दुरुस्त करताना तो बदलायचा ठरला. एवढ्या उंचीचं झाड शोधलं, तर ते आणताना मोडलं. शेवटी दोन झाडांचा सांधा करून खांब उभा केला. हात लावून बघावासा वाटतो.

(वरचा मजला, खिडकी)

३ जुलै १९४५च्या रात्री बॉम्बहल्ल्यात गाव जळालं. एक बॉम्ब इथे, वरच्या मजल्यावर पडला. फुटला नाही. आज इथे ओसाकाबे देवाचं छोटं देऊळ आहे. पर्यटक पिशवी खाली ठेवतात, हात जोडतात, मग खिडकीशी जातात. खाली तोच सरळ रस्ता, टोकाला स्टेशन.

उतरताना जिने आणखी उभे वाटतात. एक हात कठड्याला, दुसऱ्यात बूट.